आयलंड मुलखी सुखरूप

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागात हॉस्पिटलच्या कँटीनबाहेर एक फळा होता. जुनी गाडी विकणे आहे, बेबी कॉट हवा आहे, खोली भाड्याने देणे आहे, अशा चिठ्ठ्या तिथे टाचलेल्या असायच्या. दोन हजार नऊ साली मी तिथे नोकरीला लागले आणि पहिले तीन आठवडे रोज त्या फळ्यासमोर उभी राहिले. एका चिठ्ठीवर सँट्रीमधल्या खोलीची माहिती होती. अक्षर जुन्या शाळेतलं, तिरकं, इंग्रजी. पण खाली देवनागरीत एक ओळ होती: ‘मराठी समजणाऱ्यास प्राधान्य. दुधाची व मटणाची भांडी निराळी.’

मला वाटलं, कुणा पुणेकराने गंमत केली असेल. तरी फोन लावला.

“कुठल्या तुम्ही?” पलीकडून बाईचा आवाज आला.

“पुण्याची.”

“मराठी बोलता, की नुसती येते?”

“बोलते.”

“मग या. शनिवारी मात्र येऊ नका. शनिवारी मी मशिदीत असते.”

बस घेऊन गेले. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या, बुटक्या, ताठ बाईंनी. अंगात राखाडी कार्डिगन, आणि छातीवर नर्सेस लावतात तसलं उलटं घड्याळ. कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. मशिदीत जाणारी, मराठी बोलणारी, डब्लिनमध्ये राहणारी बाई म्हणजे नक्की कोण, हे कोडं मला चपला काढेपर्यंत सुटलं नव्हतं. मी आपलं “नमस्कार आजी” म्हटलं.

“आजी नको. मला मूल नाही, नातवंडं कुठून येणार? नर्स म्हणून चाळीस वर्षं सगळे सिस्टर म्हणतात, तेच म्हण. आणि मी यहुदी आहे. आत्ताच सांगून ठेवते. नंतर कळलं, असं कुणाला वाटायला नको.”

हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला, केस कापणाऱ्या मुलीला, माझ्या पुण्याहून आलेल्या आईला. नाव सांगायच्या आधी हे. समोरचा गोंधळून “ओह, ग्रँड” म्हणायचा, की मग त्या कामाचं बोलायला लागायच्या.

त्या ‘मशिदी’चा उलगडा त्या दिवशी स्वयंपाकघरात झाला. सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या अलिबागकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. त्यांच्यात प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात, अगदी पूर्वीपासून. त्यांचे आजोबा कराचीला रेल्वेत सुतार म्हणून गेले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. मग सरहद्द पडली आणि घर पलीकडे राहिलं. सिस्टर तेव्हा तान्ह्या होत्या. घरात मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत इंग्रजी आणि देवाशी हिब्रू.

“हा दुधाचा प्रेस, हा मटणाचा प्रेस,” असं म्हणत त्यांनी कपाटं उघडून दाखवली. कपाटाला आयर्लंडमध्ये प्रेस म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. “तुमच्यात सोवळंओवळं असतं ना, तसं समज. चमचा चुकला तर चमचा गेला. मी ओरडत नाही, पण चमचा बागेत पुरते.” मी तिथे राहिले त्या तीन वर्षांत बागेत माझे चार चमचे गेले.

दाराच्या चौकटीला आपण जिथे तोरणाचा खिळा ठोकतो त्याच्या जरा खाली, उजव्या हाताला, यहुदी लोक एक लहान नळी लावतात. आत कातड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. येता-जाता तिला बोटं लावायची. सिस्टरच्या घरी अशी नळी प्रत्येक दाराला होती. पुढच्या दाराला तर बाहेरून, चांगली वीतभर. बागेतल्या शेडला होती. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, त्या हॉट प्रेसलाही होती. तिथे लागत नाही, असं त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे.

“कराचीत आमची आतल्या बाजूला होती, कॅलेंडरच्या मागं,” त्या म्हणाल्या. “अब्बा जाता-येता कॅलेंडरला हात लावायचे. लोकांना वाटायचं, या माणसाला तारखेची फार फिकीर आहे. आता मी लावते तिथं लावते.”

शेजारी एक म्हातारा आयरिश विधुर राहायचा. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सिस्टर एवढंच ऐकून पहिली दहा वर्षं त्याला त्या ननच वाटत होत्या. डब्लिनच्या गेलिक फुटबॉलच्या मॅचआधी तो कुंपणाशी येऊन “आमच्यासाठी एक प्रार्थना म्हणा” म्हणून सांगायचा. सिस्टरनी शेवटी त्याला आपण यहुदी असल्याचं पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, मग प्रार्थना चालत नाही का? तेव्हापासून त्या दर मॅचला म्हणायच्या. मी तिथे असताना डब्लिनने एकदा ऑल-आयर्लंड फायनल जिंकली, तेव्हा त्याने ॲपल टार्ट आणून दिला. त्यात डुकराची चरबी असेल म्हणून सिस्टरना चालला नाही. तो मी खाल्ला, आणि कुंपणाशी जाऊन छान झालाय असं मात्र त्यांनीच सांगितलं.

पण सँट्रीत सिस्टरची ख्याती होती ती शनिवारच्या चालण्याची. मशीद शहराच्या पार दक्षिणेला. शनिवारी वाहनात बसायचं नाही, म्हणून त्या सकाळी साडेसहाला निघायच्या आणि चालत दोन-सव्वादोन तासांत पोचायच्या. संध्याकाळी परत चालत. पाऊस असला तरी छत्री नाही, कारण छत्री उघडणं म्हणजे तंबू उभारणं, आणि ते शनिवारी वर्ज्य. खिशात काही वाहून न्यायचं नाही, म्हणून घराची किल्ली त्या घड्याळाच्या जागी पिनेने अडकवायच्या, म्हणजे तो दागिना झाला. बसचे ड्रायव्हर त्यांना ओळखायचे. नवीन ड्रायव्हर असला की स्टॉपवर थांबून दार उघडायचा आणि त्या हात हलवून त्याला पुढे पाठवायच्या.

“थकत नाही?” मी एकदा विचारलं.

“थकते की. पण लपत जात नाही. भर रस्त्यानं जाते. त्यात किती मजा आहे ते तुला नाही कळायचं.”

कराचीच्या गोष्टी त्या भाजी निवडताना सांगायच्या. ओळीने कधीच नाही. मेथीची जुडी संपली की गोष्टही संपायची, मग ती कुठेही असो. शुक्रवारी सांजेला खिडक्या लावून घ्यायच्या आणि पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावायचा. प्रार्थनेला द्राक्षाची दारू लागते, ती मिळायची नाही. मनुका भिजवून कुस्करून त्याचा शरबत करायचा, जशी कोकणातली रीत होती. अब्बा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार आणि मशिदीत हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. शनिवारची सुट्टी त्यांना त्यांच्या मुसलमान मुकादमाने मिळवून दिली होती. त्या बदल्यात ईदच्या दिवशी सगळं वर्कशॉप एकटे अब्बा सांभाळायचे.

वर्षातून एक दिवस कडक उपासाचा. त्याला त्यांच्यात दारफाळणीचा सण म्हणतात. दिवसभर दारं लावून आत बसायचं, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, परक्याशी बोलायचं नाही. मशिदीचा दरवान पठाण होता. तो त्या दिवशी फाटक बाहेरून लावून घ्यायचा आणि स्वतःही काही खायचा नाही. “आत माणसं उपाशी आहेत आणि मी बाहेर बसून चहा पिऊ?” असं म्हणायचा. सिस्टर हे सांगताना त्याच्यासारखा आवाज काढायच्या.

“आणि तिकडं इस्रायलमध्ये लढाई लागली की इकडं आमच्या दारावर दगड,” त्या त्याच सुरात पुढे सांगायच्या. “माझ्या मुलखाशी लढाई नाही, मी तो मुलूख पाहिलेला नाही, पण दगड मला. अब्बांनी ते सगळे दगड गोळा केले आणि मशिदीच्या अंगणातल्या आळ्याभोवती ओळीनं लावले. जास्वंदीला. फार सुंदर आळं झालं.”

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात सिस्टर जिन्यात थांबायला लागल्या. मी डॉक्टर, मला कळायला वेळ लागला नाही. हॉस्पिटलात आणून तपासण्या करवल्या. हृदयातली एक झडप आकसली होती. ऑपरेशन करून बदलायला हवी होती, आणि फार थांबून चालणार नव्हतं.

“आधी जागा,” सिस्टर म्हणाल्या. “मग ऑपरेशन.”

“कसली जागा?”

“पुरायची. ऑपरेशनमध्ये माणूस मरतं, मी स्वतः पाहिलंय. मी मेले तर तुम्ही लोक मला कुठं ठेवणार? मला आमच्या माणसांत जायचंय. आधी ते लेखी हवं.”

मी आकडे सांगितले, धोका समजावला, आवाज चढवला. त्या शांतपणे वालाचं बिरडं सोलत राहिल्या.

अडचण अशी होती की, चाळीस वर्षं मशिदीत जाऊनही त्या रीतसर सभासद नव्हत्या. आल्या त्या पहिल्या वर्षी कुणीतरी सहज विचारलं होतं, तुम्ही यहुदी कशा काय? “तुम्ही ज्या वाटेने झालात त्याच वाटेने, आईच्या पोटातून,” असं सांगून त्या बायकांच्या सज्जात जाऊन बसल्या आणि पुढे कुठल्याही फॉर्मला हात लावला नाही. शनिवारचं कुणी अडवत नव्हतं. पण दफनाच्या जागेला कागद लागतो.

मशिदीचे सेक्रेटरी पेशाने दंतवैद्य होते, मनाने भले. मी सिस्टरना घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि संकोचत विचारलं, आईवडिलांच्या लग्नाचा काही कागद? मशिदीच्या वहीतली नोंद? तिकडचे कुणी नातेवाईक, जे लिहून देतील?

“लग्नाचा कागद वहीबरोबर होता. वही मशिदीत होती. मशीद पाडली, तिथं आता दुकानं आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “आई मी निघायच्या आधीच गेली, भावंड नाही. एक चुलतभाऊ इस्रायलला गेला, तो वारला. माझ्याकडं कागद एकच आहे.”

त्यांनी पर्समधून जुना, हिरवा पासपोर्ट काढला आणि उघडून टेबलावर ठेवला. मी वाकून पाहिलं. धर्माच्या पुढे लिहिलं होतं: पारशी.

सेक्रेटरींनी चष्मा काढला.

“हे खोटं आहे,” सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. “फॉर्म मी स्वतः भरला. इस्रायलच्या लढाईनंतरचं वर्ष होतं. हॉस्पिटलातली मेट्रन म्हणाली, पारशी लिही, सुटशील. मी लिहिलं.”

“मग हा कागद मला कशाला दाखवलात?”

“कारण तुम्ही कागद मागितलात.”

परतीच्या बसमध्ये त्यांनी आधी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. मग स्वतःहून बोलल्या. पासपोर्ट आला तेव्हा अब्बांनी तो हातात घेतला, चष्मा लावून पान न् पान वाचलं आणि परत दिला. एवढंच म्हणाले, “पारशांची अग्यारी सदरला आहे. शनिवारी तिकडे जात जा.” मग निघेपर्यंत बोलले नाहीत. विमानतळावर म्हणाले, “पोचलीस की लिही.” पुढे दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं. मराठीत, दोन पानं, जास्वंदीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं. पासपोर्टचा विषय नाही. खाली ‘तुझा बाप’, बस. चार-पाच वर्षांनी एक पत्र उर्दूत आलं, शेजारच्या संगमरवरवाल्याचं. अब्बा गेल्या महिन्यात वारले. दिवस कुठला ते लिहिलं नव्हतं. पत्र फिरत फिरत आलेलं. तेव्हा भारत-पाकिस्तानात पुन्हा लढाई होऊन गेलेली, टपालाचे हाल. सिस्टरनी दिवस विचारायला उलट पत्र धाडलं, त्याला उत्तर आलं नाही.

“मग श्राद्ध कधी करता?” मी विचारलं.

“नाही करत. दिवस माहीत नसला तर दिवा कधी लावू?”

माझ्या वॉर्डात एक कराचीचा डॉक्टर होता. वयाने माझ्याएवढा, कामाला वाघ आणि बोलायला लाजाळू. त्याला मी हे सगळं सांगितलं ते केवळ मन हलकं करायला. तो म्हणाला, बहिणीच्या लग्नाला पुढच्या महिन्यात घरी चाललोय, यहुद्यांचं एक जुनं कबरस्तान आहे असं ऐकलंय, पाहून येतो.

सिस्टरनी त्याला रविवारी बोलावून घेतलं. मनुकांचा शरबत दिला आणि समोर बसवून उर्दूत उलटतपासणी घेतली. घर कुठल्या मोहल्ल्यात, वडील काय करतात, शाळा कुठली. त्याची उर्दू त्यांच्या मते बिघडलेली होती.

“तू का जाणार?” त्यांनी शेवटी विचारलं. “उगाच कुणी विचारलं, तुझा काय संबंध, तर?”

“आंटी, मेरी दादी उसी मोहल्ले की थीं,” तो म्हणाला. “कहती थीं, यहूदियों की मस्जिद के आंगन में गुड़हल बहुत अच्छा होता था.”

गुडहल म्हणजे जास्वंद. सिस्टर उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि त्याच्यासमोर आईचं आणि अब्बांचं नाव हिब्रूत, मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला कागद ठेवला. एकेक अक्षर कसं दिसतं ते त्याला बोटाने गिरवायला लावलं.

तो तीन आठवडे तिकडे होता. घरचे नको म्हणाले. मामाने तर सरळ सांगितलं की असल्या जागी जाऊन नाव विचारत फिरू नकोस, लग्नघर आहे. तो पहिल्या खेपेला फाटकातूनच परत आला. दुसऱ्या खेपेला कबरस्तान राखणारी बाई भेटली. मुसलमानच, सासऱ्यापासून हे काम तिच्या घरात. तिने विचारलं, कुणाचं शोधताय? तो म्हणाला, माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, आईचं. तिने आणखी काही विचारलं नाही, कोयता आणला आणि झुडपं तोडायला लागली.

परत आला तो विमानतळावरून थेट आमच्याकडे. फोटो छापून आणले होते. सिस्टरनी पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही, माझ्याकडे दिलं.

“तू वाच. माझ्यानं व्हायचं नाही.”

पहिल्या फोटोत आईची कबर होती. वर हिब्रू, मग मराठी, मग इंग्रजी. अक्षरं सुबक. ‘बेने इस्राएल मशिदीचे हज्जान’ यांची पत्नी, असं नावानिशी स्पष्ट लिहिलेलं. नावं मी इथे लिहीत नाही, ती त्यांची आहेत. सेक्रेटरींना हवं होतं ते हेच, असं मला वाटलं आणि मी थांबले.

“आंटी, साथ में एक और है,” कराचीवाला म्हणाला.

दुसरी कबर शेजारीच होती, अब्बांची. तिच्यावरची अक्षरं वेडीवाकडी, ज्याला मराठी येत नाही अशा माणसाने कागदावरून बघून कोरलेली. मी हळूहळू लावत वाचलं. नाव. बापाचं नाव. हज्जान, सुतार. मरणाची तारीख इंग्रजीत होती, बहुधा तीच एक गोष्ट कोरणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेली. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती.

‘ह्याची मुलगी बेने इस्राएल नर्स आयलंड मुलखी सुखरूप आहे.’

कराचीवाल्याला मराठी येत नव्हती, तो आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होता.

“पुन्हा वाच,” सिस्टर म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

“आयलंडवर रफार नाही, बघ. कोरणाऱ्याची चूक नव्हे ती. अब्बांना रफार कधी जमलाच नाही. पत्रातही आयलंडच.” त्यांनी फोटो घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं असणार, मरायच्या आधी. संगमरवरवाल्याच्या हातात दिलं असणार. भर दगडात लिहिलं बेने इस्राएल.” मग बराच वेळ त्या एवढंच म्हणत राहिल्या, “सुखरूप आहे. सुखरूप आहे म्हणे.”

दोन फोटो आणि अब्बांच्या पत्रांचा जुडगा घेऊन आम्ही परत दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी दगडावरचा ‘आयलंड’ आणि पत्रांतला ‘आयलंड’ शेजारी ठेवून भिंग लावून पाहिलं. एक अक्षर कळत नसताना अर्धा तास पाहिलं. वर विचारावं लागेल म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. जागा मिळाली होती, लेखी. मी लगेच सर्जनला फोन लावायला निघाले.

“थांब,” सिस्टर म्हणाल्या. “आता मला दिवस मिळालाय.”

सेक्रेटरींनी अब्बांची तारीख यहुदी पंचांगाप्रमाणे काढून दिली होती. ती पुढच्याच महिन्यात येत होती, बुधवारी. त्या दिवशी मशिदीत बापासाठी काद्दिश म्हणवून घ्यायचं, आणि मगच ऑपरेशन. काद्दिश म्हणजे मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना. ती म्हणायला दहा यहुदी पुरुष जमावे लागतात. शनिवारी दहा मिळतात, बुधवारी सकाळी सातला मिळणं कठीण. त्यातून ते मंदीचे दिवस, तरुण कुटुंबं लंडनला नाहीतर पार ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली. सेक्रेटरींनी फोन करून माणसं सांगून ठेवली.

कराचीवाल्याने आम्हाला त्याच्या गाडीतून नेलं. मी सिस्टरबरोबर वर सज्जात बसले, तो खाली शेवटच्या बाकावर, डोक्यावर त्याची स्वतःची नमाजाची टोपी. मी माणसं मोजली. नऊ. कराचीवाला धरायचा नव्हता.

सव्वासात झाले. कुणीतरी ठरलेल्या दहाव्याला फोन केला, तो तापाने झोपलेला. साडेसातला दोघांना कामावर जायचं होतं. सेक्रेटरी वर बघून हळूच म्हणाले, आपण दुसरं काही म्हणू, त्याचंही पुण्य आहे.

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पाच मिनिटं थांबा.”

त्या जिना उतरल्या. मी मागे धावले. बाहेर झिमझिम होती. रस्ता ओलांडून त्या तिसऱ्या घराशी गेल्या आणि बेल दाबली, दाबूनच धरली. ऐंशीच्या आसपासचा एक उंच माणूस ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आला. तो यहुदीच, पूर्वी फार्मासिस्ट होता. बायको गेल्यापासून त्याने देवाचं नाव टाकलं होतं आणि समोर राहूनही वीस वर्षांत मशिदीत पाऊल ठेवलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. सिस्टरना ठाऊक होतं.

“मला दहावा माणूस हवाय,” त्या म्हणाल्या.

“मी विश्वास ठेवत नाही, सिस्टर.”

“विश्वास मी ठेवते. तुम्ही फक्त उभे राहा.” त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर दिसत होते. मी त्यांचा दंड धरला तो त्यांनी सोडवून घेतला. “माझा बाप चाळीस वर्षं थांबलाय. मी आणखी एक वर्ष थांबवणार नाही. पुढच्या वर्षी मी नसेन कदाचित.”

तो आत वळला. मला वाटलं, दार लावणार. तो गाऊनवर कोट चढवून आला, पायात सपाता तशाच.

काद्दिश सेक्रेटरींनी म्हटलं. बाईने म्हणायची तिथे रीत नाही. सिस्टर सज्जात उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दन् शब्द मोठ्याने म्हणत गेल्या, अलिबागकडच्या चालीवर, तिथल्या कुणी न ऐकलेल्या. खालून दोघांनी मान वर करून पाहिलं. सेक्रेटरी एका जागी थांबले, त्यांना पुढे जाऊ दिलं आणि मग मागून सूर धरला.

घरी आल्यावर सिस्टरनी पायातले बूट काढले आणि बैठकीच्या खोलीतलं पायाखाली घ्यायचं बुटकं स्टूल ओढून त्यावर बसल्या.

“माणूस गेलं की आमच्यात सात दिवस असं खाली बसतात. खबर महिन्याच्या वर उशिरा आली तर नुसता एक तास. मी तोही बसले नव्हते. पत्र आलं त्या दिवशी लेबर वॉर्डात तीन बायका अडलेल्या होत्या.” त्यांनी छातीवरचं घड्याळ पाहिलं. “आता बसते. तुम्हाला कामं असतील, जा तुम्ही.”

आम्ही गेलो नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. अशा वेळी आपण आधी बोलायचं नसतं, एवढं मला त्यांच्याकडूनच ठाऊक होतं. कराचीवाल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तोही गप्प होता. बाहेर विमानं उतरत होती. सिस्टर रडल्या नाहीत. मधेच एकदा म्हणाल्या, अब्बांना मुगाची खिचडी आवडायची नाही. एकदा म्हणाल्या, रंधा मारताना ते गायचे, आणि दोन ओळी गाऊन दाखवल्या. उरलेला वेळ त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

तास भरला तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी त्यांना उठवलं. त्या जरा उभ्या राहिल्या, स्टूल पायाने बाजूला सारलं.

“जा, फोन लाव तुझ्या सर्जनला,” त्या म्हणाल्या. “म्हणावं, मी मोकळी आहे.”